विंचू, गोचीड आणि ग्राही प्रथिने : एका प्रथिनकुलाच्या उत्पत्तीचा इतिहास

प्रस्तावना

मध्ययुगीन महाराष्ट्रातील वतनाचे तंटे सोडविताना मूळ पुरुष कोण आणि वाटणी केव्हा झाली, हे दोन प्रश्न सर्वप्रथम विचारले जात. त्यासाठी वंशावळी, महजर, निवाडापत्रे अशी साधने तपासली जात. प्रस्तुत निबंधात हेच दोन प्रश्न एका निराळ्या घराण्याला विचारण्याचा प्रयत्न केला आहे. हे घराणे मानवाचे नसून प्रथिनांचे आहे. सजीवांच्या पेशींच्या पृष्ठभागावर बाहेरचा रासायनिक संदेश स्वीकारून तो आत पोहोचविणारी जी प्रथिने असतात त्यांना ग्राही प्रथिने म्हणतात. त्यांपैकी ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन या द्रव्यांचे संदेश घेणाऱ्या ग्राहींच्या कुलापुरता हा निबंध मर्यादित आहे.

इतिहासाच्या अध्यापकाने प्रथिनांविषयी का लिहावे, असा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, उत्क्रांतीविषयक संशोधन हे मूलतः ऐतिहासिक संशोधन आहे. भूतकाळातील घटना पुन्हा घडवून दाखविता येत नाही. तिच्या मागे राहिलेल्या अवशेषांचे वाचन करूनच तिच्याविषयी विधान करावे लागते. साधनांची चिकित्सा, साम्य आणि नाते यांतील फरक, नंतरच्या काळात दिलेल्या नावांमुळे होणारी दिशाभूल या इतिहासलेखनातील नेहमीच्या अडचणी येथेही जशाच्या तशा भेटतात.

या विषयाचा आपल्या परिसराशी असणारा संबंधही दुर्लक्षण्यासारखा नाही. मराठवाड्यात लाल विंचवाच्या दंशाने अत्यवस्थ झालेल्या रुग्णाला प्राझोसिन हे औषध दिले जाते. लातूर जिल्ह्यातील देवणी आणि नांदेड जिल्ह्यातील लाल कंधारी ही आपली नामांकित गोवंश कुळे. या व इतर जनावरांच्या अंगावरील गोचीड मारण्यासाठी अमिट्राझ या औषधाची फवारणी केली जाते. पहिले औषध माणसांच्या दवाखान्यातील, तर दुसरे गोठ्यातील. या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि ही दोन्ही औषधे एकाच प्राचीन प्रथिनकुलाच्या दोन शाखांवर काम करतात. त्या शाखा एकमेकींपासून वेगळ्या होऊन ५५ कोटींहून अधिक वर्षे लोटली आहेत.

'ग्राही' या कल्पनेचा उदय

ग्राही ही कल्पना आधी आली आणि वस्तू फार नंतर हाती लागली. केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन लँगली यांनी निकोटिन आणि क्युरारी या विषांचे स्नायूंवरील परिणाम अभ्यासून १९०५ मध्ये असे मत मांडले की, स्नायुपेशीत संदेश ग्रहण करणारे एखादे विशिष्ट द्रव्य असले पाहिजे. जर्मनीत पॉल एर्लिख हे रोगप्रतिकाराच्या अभ्यासातून जवळपास याच निष्कर्षाला पोहोचले होते. मात्र हे द्रव्य कोणी पाहिले नव्हते, वेगळे काढले नव्हते. त्यामुळे पुढील कित्येक दशके ग्राही म्हणजे केवळ समजुतीसाठी वापरावयाची एक सोयीची कल्पना होय, अशीच अनेकांची धारणा राहिली.

यासंदर्भात रेमंड ॲल्क्विस्ट यांचा १९४८ चा शोधनिबंध विशेष महत्त्वाचा आहे. ॲड्रेनॅलिनसारखी काही सजातीय द्रव्ये वेगवेगळ्या अवयवांवर वापरून त्यांनी त्यांच्या प्रभावाचा क्रम लावला. सर्व अवयवांत एकच क्रम मिळेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात दोन क्रम मिळाले. रक्तवाहिन्यांच्या आकुंचनात एक क्रम, तर हृदयाच्या उत्तेजनात दुसरा. यावरून त्यांनी अल्फा आणि बीटा असे दोन प्रकारचे ग्राही कल्पिले. औषधशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकाने हा निबंध नाकारला होता, तो नंतर शरीरक्रियाशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे जेम्स ब्लॅक यांनी याच विभागणीचा आधार घेऊन बीटा ग्राही रोखणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध घडविले आणि १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळविले. ग्राही डोळ्यांना दिसण्यापूर्वीच त्याच्या नावाने रुग्ण बरे होऊ लागले होते, हा विज्ञानाच्या इतिहासातील एक मौजेचा भाग होय.

बिरवाडीचा अनुभव

या कल्पनेची महाराष्ट्रातील सर्वांत कठोर परीक्षा एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत झाली नाही. ती कोकणातील बिरवाडी या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात देहेड येथे जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ मध्ये महाड तालुक्यातील या केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. विंचू चावलेले रुग्ण तेथे वरचेवर येत आणि त्यांतील बरेच, विशेषतः लहान मुले, फुप्फुसात पाणी होऊन दगावत. 'बॅरिस्टरचं कार्टं' या त्यांच्या आत्मचरित्राचा अनेक वाचकांना परिचय असेलच.

त्या काळी उपलब्ध पाठ्यपुस्तकांत विंचूदंश हा प्रामुख्याने वेदनेचा विषय मानला जाई. डॉ. बावस्कर यांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या. उलट्या, दरदरून घाम, लाळ सुटणे, हातपाय गार पडणे, रक्तदाब वाढणे आणि त्यानंतर हृदय थकून श्वास लागणे, असा एक ठराविक क्रम त्यातून पुढे आला. या पूर्वलक्षणांविषयीचे त्यांचे लेखन १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. (पैठणच्या एकनाथांच्या विंचवावरील भारुडात रूपक अध्यात्माचे आहे, परंतु अंगाला घाम फुटल्याचा उल्लेख तेथेही आहे. निरीक्षण जुनेच म्हणावयाचे.)

या लक्षणांमागील कारण असे. लाल विंचवाचे विष चेतापेशींवरील सोडियमच्या मार्गिका उघड्या ठेवते. त्यामुळे चेतातंतूंची टोके आणि अधिवृक्क ग्रंथी यांतून ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन यांचा पूर लोटतो. म्हणजे विष स्वतः ॲड्रेनर्जिक ग्राहीला चिकटत नाही. ते रुग्णाच्याच शरीरातील संदेशद्रव्याला मोकाट सोडते. रक्तवाहिन्यांवरील अल्फा-१ ग्राही त्या पुराने सतत उत्तेजित राहतात, वाहिन्या आवळल्या जातात, आणि आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलताना हृदय हरते. हे चित्र एकदा स्पष्ट झाल्यावर उपाय कोठे करावयाचा हेही स्पष्ट झाले. प्राझोसिन हे अल्फा-१ ग्राही रोखणारे औषध १९७० च्या दशकात उच्च रक्तदाबासाठी वापरात आले होते. ते स्वस्त होते, गोळीच्या रूपात होते, आणि वीज जाणाऱ्या आरोग्य केंद्रातही देता येण्यासारखे होते. त्याचा विंचूदंशातील उपयोग १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नोंदविला गेला. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्या लेखनानुसार गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण पूर्वी २५ ते ३० टक्क्यांच्या घरात होते. प्राझोसिनच्या वापरानंतर ते एक टक्क्याच्या आसपास आले. प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हे त्यांनी पुढे २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील चाचणीत दाखविले. २०२२ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांना पद्मश्री देण्यात आली.

या प्रकरणाकडे केवळ एका सेवाभावी डॉक्टरांची यशोगाथा म्हणून पाहण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ती गाथा आहेच. परंतु विज्ञानेतिहासाच्या दृष्टीने त्यातील कळीचा मुद्दा दुसराच आहे. बीटा ग्राही रोखणारे औषध अशा रुग्णाला दिले तर अल्फाचा जोर मोकळा राहून प्रकृती अधिक बिघडू शकते. एकाच द्रव्याचा संदेश घेणाऱ्या दोन ग्राहींतील फरक येथे जीवन आणि मृत्यू यांतील फरक ठरतो. मग हा फरक आला कोठून? एकाच संदेशासाठी शरीराने इतके वेगवेगळे ग्राही का बाळगले?

नऊ भाऊबंद

या प्रश्नाचे उत्तर १९८६ पासून मिळू लागले. प्राझोसिनवरील वरील नोंद ज्या वर्षी प्रसिद्ध झाली, त्याच वर्षी रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीटा-२ ग्राहीचे जनुक वेगळे काढून त्यातील अमिनो आम्लांचा क्रम वाचला. तो क्रम डोळ्यातील प्रकाशग्राही प्रथिनाशी, म्हणजे ऱ्होडॉप्सिनशी, जुळला. वरवर पाहता हे विचित्र होते. एक प्रथिन प्रकाश टिपणारे, तर दुसरे संप्रेरक ओळखणारे. पण दोघांचीही साखळी पेशीपटलातून सात वेळा आरपार जाते आणि दोघेही आतील बाजूस एकाच प्रकारच्या मध्यस्थ प्रथिनाला निरोप देतात. यावरून हे दोघे एकाच मोठ्या कुलातील असावेत हा तर्क पुढे आला आणि लवकरच तो सिद्धही झाला. लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच संशोधनमालिकेबद्दल. मानवात या महाकुलाचे सुमारे ८०० सदस्य आहेत, त्यांतील जवळपास निम्मे वासाचे ग्राही आहेत. आज वापरात असलेल्या औषधांपैकी सुमारे एक तृतीयांश औषधे याच महाकुलातील कोणत्या ना कोणत्या सदस्यावर काम करतात.

मानवी शरीरात ॲड्रेनर्जिक ग्राही नऊ आहेत. तीन अल्फा-१, तीन अल्फा-२ आणि तीन बीटा. ही त्रयींची मांडणी योगायोगाची वाटत नाही, आणि ती योगायोगाची नाहीही. सुसुमु ओनो यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले होते की, जनुकाची दुसरी प्रत तयार होणे हे नवनिर्मितीचे मुख्य साधन होय. एक प्रत जुने काम सांभाळते, दुसरीला बदलण्याची मोकळीक मिळते. थोरल्याने वडिलोपार्जित वाडा सांभाळावा आणि धाकट्याने नवे गाव वसवावे, तसा हा प्रकार. पृष्ठवंशी प्राण्यांच्या प्रारंभकाळी, सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी, संपूर्ण जनुकसंचच दोनदा दुप्पट झाला असे आता सामान्यतः मानले जाते. एका मूळ जनुकाच्या अशा वेळी चार प्रती होतात आणि त्यांतील काही कालांतराने नष्ट होतात.

याचा पुरावा गुणसूत्रांवरील शेजारात मिळतो. मानवात बीटा-१ चे जनुक दहाव्या गुणसूत्रावर आहे आणि त्याच्या जवळच अल्फा-२ए आहे. बीटा-२ पाचव्यावर, त्याच्या शेजारी अल्फा-१बी. बीटा-३ आठव्यावर, आणि त्याच गुणसूत्राच्या त्याच भुजेवर अल्फा-१ए. जुन्या गावाची वस्ती उठून तीन ठिकाणी गेली, पण प्रत्येक ठिकाणी त्याच घरांच्या भिंती पुन्हा लागून राहिल्या, असे हे दृश्य आहे. एकेक जनुक सुटेसुटे दुप्पट झाले असते तर शेजाराची अशी पुनरावृत्ती दिसली नसती. राहता राहिला चौथ्या प्रतीचा प्रश्न. अल्फा-२ गटातील चौथा भाऊ मानवात नाही. तो झेब्रा माशात मात्र सापडला. म्हणजे वाटणी चौघांतच झाली होती, आमच्या शाखेत एकाचा निर्वंश झाला.

गोचिडाची साक्ष

येथपर्यंतचा इतिहास पृष्ठवंशी प्राण्यांपुरता आहे. त्यापूर्वीचे काय? या ठिकाणी विंचू आणि गोचीड पुन्हा आपल्या निबंधात येतात. शेतकरी या दोघांना किड्यांत जमा करतात. प्राणिशास्त्राच्या वर्गीकरणात मात्र हे दोघेही आठ पायांच्या अष्टपाद वर्गातील, म्हणजे कोळ्याचे जवळचे नातलग होत.

इटालियन शास्त्रज्ञ व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना १९४० च्या दशकाच्या अखेरीस ऑक्टोपस या समुद्रजीवाच्या लाळग्रंथीत एक द्रव्य सापडले. त्याला ऑक्टोपामिन असे नाव मिळाले. रचनेत ते नॉरॲड्रेनॅलिनसारखेच आहे. फक्त त्याच्या वलयावर हायड्रॉक्सिल गट दोनऐवजी एकच आहे. पुढे असे दिसून आले की, टोळ, मधमाशी, काजवा अशा संधिपाद प्राण्यांत धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करण्याचे जे कार्य आपल्याकडे नॉरॲड्रेनॅलिन करते, ते कार्य ऑक्टोपामिन करते. यावरून एक सुटसुटीत समजूत रूढ झाली. पृष्ठवंशीयांकडे नॉरॲड्रेनॅलिन आणि अपृष्ठवंशीयांकडे ऑक्टोपामिन, दोन्ही राज्यांत आपापले स्वतंत्र नाणे. ही समजूत कित्येक दशके टिकली.

अमिट्राझ हे औषध १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये तयार झाले. ते ज्या फॉर्मामिडीन गटातील आहे, त्या गटातील कीटकनाशके कीटकांच्या ऑक्टोपामिन ग्राहींवर काम करतात, हे एव्हान्स व गी यांनी १९८० मध्ये 'नेचर'मध्ये दाखविले. त्याच वर्षी हॉलिंगवर्थ व मर्डॉक यांनी 'सायन्स'मध्ये काजव्यावरील प्रयोग प्रसिद्ध केला. काजव्याचा दिवा ऑक्टोपामिनने पेटतो आणि या गटातील द्रव्यानेही तो पेटला. पृष्ठवंशीयांकडे ऑक्टोपामिनची व्यवस्था नाही, तेव्हा औषध त्यांना निरुपद्रवी आणि गोचिडाला मारक, असा हिशेब मांडता आला असता. व्यवहारात हा हिशेब बऱ्याच अंशी बरोबरही आला. गोठ्यात सांगितलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून फवारल्यास गोचीड जनावराला सोडून गळून पडतो आणि जनावराला सहसा अपाय होत नाही.

परंतु हेच औषध चुकून वा जाणूनबुजून माणसाच्या पोटात गेले तर काय होते, याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. रुग्णाला गुंगी येते, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, बाहुल्या बारीक होतात, रक्तातील साखर वाढते. ही सर्व अल्फा-२ ग्राही उत्तेजित झाल्याची लक्षणे होत. कुत्र्यांतील अशा विषबाधेवर पशुवैद्यक अल्फा-२ ग्राही रोखणारी औषधे वापरतात आणि गुण येतो. गोचिडासाठी घडविलेली किल्ली माणसाच्या कुलपातही फिरते ती अशी. किल्लीला दोन्ही कुलपे ओळखता येतात याचा अर्थ ती एकाच लोहाराच्या घरची असली पाहिजेत, असा संशय इतिहासाच्या अभ्यासकाला तरी यावयास हवा.

संशयाचे पुराव्यात रूपांतर होण्यास २०१७ साल उजाडले. फिलिप बाउक्नेख्ट व गास्पार येकेली यांनी समुद्रातील एक वलयी कृमी, एक प्रियापुलिड कृमी आणि एक अर्धमेरू प्राणी यांच्या ग्राहींचा अभ्यास केला. हे प्राणी परस्परांपासून फार दूरच्या शाखांतील आहेत. त्यांना असे आढळले की, या प्राण्यांकडे नॉरॲड्रेनॅलिन ओळखणारे अल्फा ग्राही आहेत, आणि ऑक्टोपामिन व त्याचे पूर्वद्रव्य टायरामिन ओळखणारे ग्राहीही प्राणिजगतात त्यांच्या बरोबरीने नांदत होते. त्यांच्या निष्कर्षानुसार द्विपार्श्व प्राण्यांच्या सामाईक पूर्वजाकडे अशा ग्राहींचे सहा प्रकार होते, तीन द्रव्यांसाठी प्रत्येकी दोन. पुढे आपल्या वंशाने ऑक्टोपामिन व टायरामिनचे ग्राही गमावले आणि कीटकांच्या वंशाने नॉरॲड्रेनॅलिनचे. दोन राज्यांची दोन स्वतंत्र नाणी ही समजूत येथे संपली. दोन्ही नाणी आरंभी एकाच पेठेत चालत होती.

हा निष्कर्ष नीट समजून घेण्यासारखा आहे. उत्क्रांती म्हणजे साध्यापासून गुंतागुंतीकडे होणारी वाटचाल, प्रगत प्राण्याकडे अधिक आणि मागासाकडे कमी, असा एक ढोबळ समज आपल्या वर्गखोल्यांतून सर्रास दिला जातो. या प्रथिनकुलाचा इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. पूर्वज अधिक संपन्न होता. माणूस आणि मधमाशी हे दोघेही काही अंशी त्या घरातील भांडी गमावून बसलेले वारस आहेत.

अर्थात अमिट्राझ गोचिडात ज्या ग्राहीवर काम करते, तो आपल्या अल्फा-२ चा थेट प्रतिनिधी नव्हे, तर बीटा शाखेकडे झुकणारा ऑक्टोपामिन ग्राही होय. म्हणजे हे सख्खे भाऊ नसून चुलत घराणे आहे. ऑस्ट्रेलियात अमिट्राझला न जुमानणाऱ्या गोचिडांत याच ग्राहीतील ६१ व्या स्थानावर एक अमिनो आम्ल बदललेले आढळले (२०१३). मधमाश्यांच्या पोळ्यातील माइट मारण्यासाठी हेच औषध वापरतात आणि मधमाशी मात्र वाचते, याचेही कारण तिच्या ग्राहीतील तीन स्थानांवरील बदलांत असल्याचे २०२१ मध्ये दाखविले गेले. इतक्या लहानशा फरकांवर शेतकऱ्याचे औषध चालणे वा न चालणे अवलंबून आहे.

साम्य आणि नाते

याहून मागे जाताना सावधगिरी बाळगणे आवश्यक ठरते. सात फेऱ्यांचे ग्राही प्राण्यांपुरते मर्यादित नाहीत. यीस्टच्या पेशी परस्परांना ओळखून जवळ येतात त्या अशाच एका ग्राहीच्या साहाय्याने. मातीत राहणारा डिक्टिओस्टेलियम हा अमीबासदृश जीव उपासमारीच्या वेळी एकत्र गोळा होतो तोही अशाच ग्राहीमुळे. त्याचे जनुक १९८८ मध्ये वाचले गेले. तेव्हा हे महाकुल प्राण्यांहून जुने आहे याविषयी वाद नाही.

परंतु खाऱ्या पाण्यातील सूक्ष्मजीवांत १९७१ मध्ये सापडलेल्या बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनचे प्रकरण निराळे आहे. तेही पेशीपटलातून सात वेळा जाते, तेही प्रकाश टिपते, आणि त्यातील रंगद्रव्यही आपल्या डोळ्यातील रंगद्रव्याच्याच जातीचे आहे. इतके साम्य पाहून अनेक वर्षे त्याच्याच साच्यावर मानवी ग्राहींची काल्पनिक प्रारूपे उभारली गेली. २००० मध्ये गाईच्या डोळ्यातील ऱ्होडॉप्सिनची प्रत्यक्ष त्रिमिती रचना उपलब्ध झाली, तेव्हा सातही सर्पिलांची मांडणी अपेक्षेपेक्षा वेगळी निघाली. अमिनो आम्लांच्या क्रमातही दोहोंत नाते सिद्ध होईल असे साम्य नाही. सारख्या आडनावाची दोन घराणी एकाच मूळ पुरुषाची असतातच असे नाही, हे आपल्याकडे सोयरीक जुळविणाऱ्या कोणाही ज्येष्ठाला ठाऊक असते.

उलट बाजूने नावांचाही घोळ आहे. लातूर जिल्हा १९८२ मध्ये अस्तित्वात आला. त्यापूर्वीचा लातूरचा इतिहास शोधणाऱ्याला उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्याच्या आणि त्याही पूर्वी निजामी राजवटीच्या दप्तरात शिरावे लागते. ग्राहींना दिलेली नावेही अशीच उत्तरकालीन आहेत. जे प्रथिन प्रथम माणसात वा उंदरात सापडले, त्याला तेथील कामावरून नाव पडले, आणि मग तेच नाव कोट्यवधी वर्षे जुन्या नातलगांना चिकटले.

याचे एक ठळक उदाहरण दुसऱ्या एका ग्राहीकुलात आणि पुण्यात मिळते. आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्यातील हायड्रावर दीर्घकाळ संशोधन केले. २०१३ मध्ये त्यांच्या गटाने हायड्रात रक्तवाहिन्यांची वाढ घडविणारा म्हणून ओळखला जाणारा वृद्धिघटक वर्णिला. २००४ मध्ये एका समुद्री जेलीफिशमध्ये हा घटक आणि त्याचा ग्राही असे दोन्ही सापडले होते. हायड्राला किंवा जेलीफिशला रक्त नाही, रक्तवाहिन्याही नाहीत. अर्थात संदेश आणि ग्राही यांची जोडी आधीपासून होती, रक्तवाहिन्यांनी ती नंतर आपल्या कामाला लावली. योगायोग असा की, ज्यांचे नाव या संस्थेला आहे ते शंकर पुरुषोत्तम आघारकर स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ असूनही सह्याद्रीतील नद्यांत गोड्या पाण्यातील जेलीफिश शोधून प्रसिद्धीस आले होते. तोपर्यंत या प्रकारचा प्राणी आफ्रिकेतच असतो असे मानले जाई. हायड्रा आणि तो जेलीफिश एकाच संघातील आहेत.

अध्यापनाच्या दृष्टीने

२०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला, तेव्हा देशातील १८०० हून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी त्याविरुद्ध जाहीर पत्रक काढले. बारावीला तो विषय होताच, असे त्यावर सांगण्यात आले. पण दहावीनंतर विज्ञान सोडणारा विद्यार्थी, जो आमच्या कला शाखेच्या वर्गात येऊन बसतो, त्याच्या वाट्याला मग काय येणार? आणि विज्ञान शाखेतही अल्फा व बीटा ग्राहींचे कोष्टक एका विषयात पाठ करविले जाते आणि उत्क्रांती दुसऱ्या विषयात शिकविली जाते. प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी ख्यातकीर्त असलेल्या लातुरात हे कोष्टक चुकविणारा विद्यार्थी क्वचितच सापडेल. त्या कोष्टकात तीन-तीनचे गट का आहेत, हे सांगणारेही तितकेच क्वचित सापडतील.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांत यासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. ग्राहींचे अमिनो आम्ल क्रम सार्वजनिक माहितीकोशांत विनामूल्य उपलब्ध आहेत आणि संगणकाच्या एका साध्या प्रयोगशाळेत प्राणिशास्त्र व इतिहास या दोन्ही विभागांचे विद्यार्थी एकत्र बसून त्यांची तुलना करू शकतात. मानवी बीटा-२ ग्राहीची साखळी ४१३ अमिनो आम्लांची आहे. तिच्या शेजारी गाईचा बीटा-२ आणि गोचिडाचा ऑक्टोपामिन ग्राही मांडावा. मानवी साखळीत ११३ व्या स्थानावर ॲस्पार्टिक आम्ल आहे, तेच ॲड्रेनॅलिनच्या अमाइन टोकाला धरून ठेवते. ऑक्टोपामिनलाही तसेच टोक आहे. तुलनेत प्रथम ते स्थान पाहावे आणि गोचिडाकडे तेथे काय आहे ते विद्यार्थ्यांनाच वाचू द्यावे. त्यानंतर २०३ ते २०७ या पट्ट्यातील सेरीन पाहावेत. वलयावरील हायड्रॉक्सिल गट ओळखण्याचे काम तेथे चालते, आणि नॉरॲड्रेनॅलिन व ऑक्टोपामिन यांच्यातील फरक नेमका त्याच गटाचा आहे.